पावसाळ्यात कपडे घरातच वाळवायचेत, पण लाईट बिल वाढू द्यायचं नाही, तर हे वाचा

आषाढात एकदा झड लागली की साताऱ्यात घरोघरी तेच चित्र असतं, डायनिंगच्या खुर्च्यांवर चादरी, दाराच्या कडीला टॉवेल, पडद्याच्या रॉडला शर्ट आणि सोफ्याच्या पाठीवर कुणाचीतरी ट्रॅकपँट. तीन दिवस झाले तरी जीन्सचा कंबरपट्टा ओलाच. मग कुणी माळ्यावरचा हीटर काढतं, कुणी प्रत्येक कपडा इस्त्रीनेच वाळवतं, आणि महिन्याने बिल आलं की घरात चौकशी समिती बसते, ज्यात दोषी नेहमी गीझर ठरतो.

मी गोडोलीत राहते. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, म्हणजे दिसायला पाहिजे, जुलै-ऑगस्टमध्ये तो बहुतेक ढगातच असतो. आणि आपला जिल्हा असा विचित्र की महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तिकडं माण-खटावला टँकरची वाट बघायची. त्यामुळे तिकडच्या म्हसवडच्या माणसाला हे सगळं वाचून हसू येईल, त्याने वाचू नये. हे सातारा शहर, मेढा, पाटण, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, इकडच्या लोकांसाठी आहे. सांगलीकरांनापण थोडं उपयोगी पडेल, पण तिकडं पाऊस कमी आणि वारा चांगला, माझी नणंद विश्रामबागला राहते तिचे कपडे गॅलरीत संध्याकाळपर्यंत वाळतात आणि ती मला फोटो पाठवते.

माझं म्हणणं एवढंच आहे की कपडे उष्णतेने वाळवायला गेलात की पैसे जातात. कपड्यातलं पाणी आधी पिळून काढलंत आणि उरलेलं वाऱ्यावर सोडलंत तर खर्च जवळपास नसल्यासारखाच.

आधी थोडा हिशोब सांगते, कंटाळा करू नका. १ लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६७ युनिटएवढी ऊर्जा लागते. ही ऊर्जा कुठूनतरी यायलाच लागते. हीटर लावला तर ती तुमच्या मीटरमधून येते, वर भिंती, फरशी, छत सगळं गरम करण्यात वाया जाते ते वेगळंच. पंखा लावला तर तीच ऊर्जा खोलीतल्या हवेतून येते, ती हवा फुकट आहे, पंखा फक्त ओली झालेली हवा कपड्यापासून ढकलून तिथे दुसरी आणतो. २००० वॅटचा हीटर रोज तीन तास चालवला तर ६ युनिट, महिन्याचे १८०. साधा ७५ वॅटचा पंखा रोज दहा तास चालवला तर पाऊण युनिट, महिन्याला साडेबावीस. आणि बीएलडीसी पंखा असेल, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तो ३० वॅटच्या आसपास घेतो, तर महिन्याला ९-१० युनिटमध्ये काम झालं. आपल्या महावितरणच्या बिलात घरगुतीला १०० युनिटनंतर पुढच्या युनिटचा दर वाढतो आणि ३०० नंतर परत वाढतो (सगळ्या युनिटना नाही हं, फक्त वरच्यांना, बऱ्याच जणांचा हा गैरसमज असतो), त्यामुळे ज्यांचं बिल नेहमी नव्वद-पंच्याण्णवला थांबतं त्यांनी हीटरचे १८० युनिट कुठल्या दराने पडतील ते जुन्या बिलाच्या मागे बघून घ्यावं.

पिळणं, हेच खरं काम

बाकी सगळं सोडा आणि एवढं जरी केलंत तरी फरक पडेल. हाताने पिळलेल्या सुती कपड्यात जवळपास त्याच्या स्वतःच्या वजनाएवढं पाणी राहू शकतं. मशीनमध्ये जोरात फिरवलेल्या कपड्यात ते निम्म्याच्या आसपास येतं. म्हणजे ५ किलो कोरडे कपडे धरले तर एकीकडे पाच लिटर पाणी तुमच्या हॉलमध्ये सोडायचंय आणि दुसरीकडे अडीच-तीन लिटर. दोन लिटरचा हा फरक मशीनने पाच मिनिटात काढला, आणि त्यासाठी वीज किती, तर ड्रायरच्या टबची मोटर २००-३०० वॅटची धरली तरी पाच मिनिटाला ०.०२ युनिटच्या आसपास. तेच दोन लिटर वाफेने काढायला सव्वा युनिटच्या वर लागतं. घरात यापेक्षा स्वस्त काम दुसरं नाही आणि लोक नेमकी इथेच कंजुषी करतात, "दोन मिनिटं फिरवलं की बास, मशीन हलतंय."

मशीन हलतंय कारण भरताना नीट भरलं नाही. सेमी ऑटोमॅटिकच्या ड्रायरमध्ये जड कपडे खाली आणि सगळीकडून सारखे दाबून बसवायचे, एक जीन्स एका बाजूला आणि दुसरीकडे दोन रुमाल असं केलं की धडधडणारच. वरची प्लास्टिकची जाळी टाकायची, ती बहुतेक घरात हरवलेली असते, दुकानात वेगळी मिळते. टब गच्च भरू नका, दोन वेळा अर्धा-अर्धा फिरवा. आणि पूर्ण पाच मिनिटं. मग झाकण उघडून कपडे जरा सुटे करून, दुसऱ्या बाजूने बसवून परत तीन-चार मिनिटं. दुसऱ्यांदा फिरवल्यावर पाइपातून परत पाणी येतं का नाही ते स्वतः बघा.

फुल ऑटोमॅटिकवाल्यांनी स्पिनचा वेग बघायचा. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये १०००-१२०० आरपीएम (मिनिटाला फेरे) असतं पण बटण दाबताना बहुतेक वेळा ८०० किंवा ६०० वर सेट असतं, आणि कुणी बघत नाही. पावसाळ्याचे चार महिने सुती कपड्यांना जास्तीत जास्त वेग लावा, आणि प्रोग्रॅम संपला की एकदा नुसतं स्पिन. साड्या, लोकरीचे, नाजूक कापडाचे, त्यांना नको. वरून उघडणाऱ्या मशीनचा वेग मुळातच कमी असतो, त्यांना दुसरं स्पिन तर हवंच. पाणी गरम करायचा पर्याय मात्र रोज वापरू नका, मशीनमध्ये सगळ्यात जास्त वीज तिथेच जाते.

मशीन नाही, हातानेच धुताय? तर चादर, टॉवेल, जीन्स दोघांनी मिळून पिळा, एकाने एक टोक धरायचं दुसऱ्याने दुसरं आणि उलट्या दिशेने पीळ द्यायचा. एकटे असाल तर नळाला अडकवून. मग लगेच हॉलमध्ये आणू नका, बाथरूममध्येच दांडीवर तासभर निथळत ठेवा, खालच्या काठाशी पाणी जमतं ते अधूनमधून हाताने नुसतं दाबून काढायचं. आणि घाईचा एखादा कपडा असेल तर कोरड्या पंच्यावर पसरायचा, गुंडाळी करायची, तिच्यावर गुडघे टेकून दाबायचं. पंचा ओला होतो पण पंचा दोन तासात वाळतो, शर्ट वाळत नाही.

पंच्यावरून आठवलं, पावसाळ्यात ते जाडजूड टर्किश टॉवेल कपाटात ठेवून द्या ना. चार माणसांचे चार टर्किश टॉवेल रोज घरात वाळवायचे म्हणजे उगाच काम वाढवणं आहे. सुती पंचे आणा, बाजारात ढीगभर मिळतात, अंग तेवढंच पुसलं जातं. आमच्याकडे या विषयावर वाद झाला, "हॉटेलात आल्यासारखं वाटत नाही" असं ऐकून घ्यावं लागलं, पण आता सगळे पंचेच वापरतात.

कुठे आणि कसं टांगायचं

घरभर कपडे टांगू नका. एक खोली ठरवा, किंवा एक कोपरा, आणि सगळं तिथेच. घरभर पसरलं की प्रत्येक खोलीत पंखा आणि प्रत्येक भिंतीला ओल. लहान खोली असेल तर अजून चांगलं, कारण तिथली हवा बदलायला सोपी पडते. बाथरूमला एक्झॉस्ट फॅन असेल तर रात्रीची जागा तीच: सगळ्यांच्या अंघोळी झाल्या, फरशी वायपरने कोरडी केली, कपडे टांगले, दार दोन बोटं उघडं ठेवलं आणि एक्झॉस्ट चालू. छोटा एक्झॉस्ट ३०-५० वॅटचा असतो, ओली हवा थेट बाहेर. दार पूर्ण बंद केलंत तर आत हवा यायला जागाच नाही मग तो नुसता आवाज करत बसतो. आणि गरम पाण्याच्या अंघोळीनंतर लगेच कपडे नेऊन टांगू नका, आत वाफ भरलेली असते.

टांगताना दोन कपड्यात चार बोटं अंतर. जागा कमी आहे म्हणून एकावर एक टाकले की दोन्ही वाळत नाहीत, त्यापेक्षा अर्धे आज धुवा अर्धे उद्या. शर्ट हँगरवर, बटणं उघडी, कॉलर उभी. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर ओढून, आणि कंबर उघडी राहील अशी गोल चार-पाच चिमट्यांनी टांगायची म्हणजे आतून वारा जातो, दोरीवर मधे दुमडून टाकली तर दुमडीचा भाग दोन दिवस ओला राहतो. चादर एका दोरीवर दुहेरी न टाकता शेजारच्या दोन दोऱ्यांवर टाका, मधे पोकळी राहते. मोजे पंज्याकडून नाही, तोंडाकडून टांगा. स्टँडवर लावताना लांब कपडे दोन्ही टोकांना आणि आखूड मधे लावले तर खालून हवा चांगली खेळते, करून बघा.

छताला पुलीवाला हँगर लावून घेता आला तर पैसे वसूल आहेत, कारण खोलीत वरची हवा जरा गरम असते आणि चालताना तोंडावर ओली चादरही येत नाही. पेठांतल्या जुन्या घरात माळ्यावर वलणी असायची त्यामागे हेच होतं, खाली चूल पेटलेली आणि ऊब वर. आता चूल गेली, माळा गेला, वलणी राहिली ती गॅलरीत, आणि गॅलरीत पाऊस.

गॅलरीचं म्हणाल तर तुमची कुठल्या दिशेला आहे ते बघा. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, यवतेश्वरच्या बाजूने. पश्चिमेची गॅलरी असेल तर झडीत कपडे वाळण्याऐवजी परत धुतले जातात. पूर्वेची किंवा उत्तरेची असेल तर तिथे दोरी आतल्या बाजूला घ्या आणि बिनधास्त टांगा, वर छप्पर असलं की नुसत्या दमट वाऱ्यानेसुद्धा कपडे घरातल्यापेक्षा लवकर ओढतात. स्वतःचं घर असेल तर गच्चीवर चार बाजू उघड्या ठेवून पारदर्शक पत्र्याचं छोटं शेड करा. एकदा खर्च, मग वीज शून्य.

पंखा

सीलिंग फॅनखाली स्टँड ठेवून पाचवर लावला की काम झालं असं वाटतं पण वरून येणारा वारा कपड्यांच्या खांद्यावर आपटतो, खालचा घेर ओलाच. त्यापेक्षा टेबल फॅन किंवा उभा पंखा आडवा, कपड्यांच्या खालच्या अर्ध्याकडे तोंड करून लावा, फिरता ठेवा. पाणी खाली उतरतं, वाराही तिथेच पाहिजे. पंखा कपड्यांकडे आणि कपड्यांच्या पलीकडे खिडकी, अशी रांग जमली तर उत्तम. सीलिंग फॅनच वापरायचा असेल तर रात्री ज्या खोलीत तुम्ही झोपता आणि पंखा तसाही चालूच असतो तिथे स्टँड ठेवा, म्हणजे कपड्यांसाठी वेगळा खर्चच नाही. फक्त झोपायच्या खोलीत खिडकी थोडी उघडी पाहिजे, बंद खोलीत रोज ओले कपडे म्हणजे भिंतीला बुरशी, आणि घरात दम्याचं माणूस किंवा लहान मूल असेल तर त्या खोलीत टांगूच नका.

आता खिडकीचा प्रश्न, यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. सासूबाई म्हणतात बाहेर एवढी ओल, खिडकी उघडली तर ती आत येणार. ऐकायला बरोबर वाटतं पण पूर्ण बरोबर नाही. बाहेरची हवा २२ डिग्रीला ९५ टक्के दमट असली तरी ती थंड असते, थंड हवेत वाफ मुळात कमी मावते. तीच हवा घरात येऊन २६ डिग्री झाली की तिचा दमटपणा ७५ टक्क्यांच्या आसपास उतरतो. घरात मात्र कपड्यांची दोन-तीन लिटर वाफ कोंडलेली असते. म्हणून पाऊस सरळ पडत असेल तरी खिडकी चार बोटं उघडी ठेवायचीच, शक्यतो समोरासमोरच्या दोन. फक्त धुकं आत शिरत असेल किंवा वाऱ्याने तुषार येत असतील तर बंद. महाबळेश्वर-पाचगणीला ढग सरळ घरात येतो, तिथे सासूबाईंचा पक्ष बरोबर आहे, आणि तिथल्या लोकांना मी छोट्या डीह्युमिडिफायरचा, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणाऱ्या मशीनचा, विचार करा म्हणेन. घरगुती मशीन २००-२५० वॅटचं असतं, आठ तासाला दोन युनिटच्या आत, खोली मात्र पूर्ण बंद ठेवायची. स्वस्त नाही, पण हीटरच्या कितीतरी पुढे. सातारा शहरात त्याची गरज नाही असं माझं मत. एसी असेल तर ड्राय मोडवर कपडे वाळतात हे खरंय, रात्री तुमच्यासाठी लावणारच असाल तर स्टँड त्याच खोलीत न्या, नुसत्या कपड्यांसाठी एसी लावायचा म्हणजे कशाला सांगू.

हे करू नका

फ्रिजच्या मागे मोजे आणि रुमाल अडकवायची सवय बऱ्याच घरात आहे. ती जाळी गरम असते कारण तिला उष्णता बाहेर टाकायची असते, तिच्यावर ओलं फडकं टाकलं की फ्रिज जास्त चालतो. इन्व्हर्टरवर कपडे टाकणाऱ्यांना तर मी हात जोडते, तिथे ओलं काहीच नको.

गॅसच्या शेगडीवर दोरी बांधून कपडे टांगणं धोक्याचं आहे हे सांगायला नको, पण त्यातली दुसरी गंमत अशी की १ किलो गॅस जळाला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन हवेत येतं. म्हणजे स्वयंपाकघर गरम होतं पण कोरडं होत नाही. स्वयंपाक चालू असताना चिमणी किंवा एक्झॉस्ट लावा, म्हणजे ती वाफ हॉलमधल्या कपड्यांकडे जाणार नाही.

पूर्वी कोळशाच्या शेगडीवर दुरडी पालथी घालून बाळाची दुपटी वाळवायचे, ती ऊब छान असायची, पण त्या घरांना कौलातून, फटीतून हवा होती. आताच्या बंद फ्लॅटमध्ये कोळसा पेटवायचाच नाही. त्यातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास येतो, आणि जीव जातो. बाळाच्या दुपट्यांसाठी जुन्या मऊ साड्यांची पातळ दुपटी जास्त संख्येने शिवून ठेवा आणि पंखा लावा.

इस्त्रीबद्दल माझं मत जरा मऊ आहे. १००० वॅटची इस्त्री, ओलाकच्च शर्ट तिने वाळवायचा म्हणजे छोटा हीटरच झाला. पण नव्वद टक्के वाळलेला, हाताला फक्त गार लागणारा शर्ट असेल तर खुशाल मारा, तसंही आपण पाणी शिंपडूनच इस्त्री करतो. पाच मिनिटं म्हणजे ०.०८ युनिट, त्यावर काय भांडायचं. फक्त इस्त्री झाल्यावर लगेच घडी घालून कपाटात नको, दहा मिनिटं हँगरवर मोकळा सोडा.

काय धुवायचं, कधी धुवायचं

गोधड्या, वाकळा, ब्लँकेट, पडदे, सोफ्याची कव्हरं हे सगळं मे महिन्यातच धुऊन मोकळं व्हायचं. राहिलं तर राहू दे, आता थेट घटाआधी. नाहीतरी घटस्थापनेच्या आधी सगळं घर धुवायला काढायची पद्धत आहेच, तोपर्यंत ऊन पडायला लागलेलं असतं. जुलैत गोधडी धुणं म्हणजे पाच-सहा दिवस घरात एक ओला पाहुणा सांभाळणं.

रोजचे कपडे सकाळी लवकर धुवा, आठपर्यंत दोरीवर पाहिजेत. दुपारी अकरा ते चार हवा त्यातल्या त्यात गरम आणि कमी दमट असते, ती वेळ कपड्यांना मिळाली पाहिजे. ऑफिसमुळे जमत नसेल तर रात्री धुवून बाथरूम-एक्झॉस्टचा मार्ग. आणि मधेच उघडीप मिळाली, श्रावणात तासाभराचं ऊन येतं ना, तर घरात कुणीतरी असणाऱ्याने स्टँड सरळ बाहेर ढकलायचा. म्हणून चाकं असलेला स्टँड घ्या. दहा मिनिटात परत भुरभुर सुरू झाली तर आत. शेजारच्या काकूंशी ठरवून ठेवा, त्यांना पाऊस आधी दिसला तर त्यांनी हाक मारायची.

कुबट वासाचं थोडक्यात सांगते. कपडा बराच वेळ ओला राहिला की त्यात बॅक्टेरिया वाढतात, वास त्यांचा असतो, त्यावर कम्फर्ट ओतून काही होत नाही, उलट त्याचा थर बसून टॉवेल पाणी कमी ओढतात. पावडर नेहमीपेक्षा थोडी कमी घाला आणि एक पाणी जास्त काढा, साबण राहिलेला कपडा चिकट राहतो आणि लवकर वास धरतो. धुऊन झालेले कपडे मशीनमध्ये तासन् तास ठेवू नका. ज्याला वास लागलाच आहे ते टॉवेल-बनियन कडकडीत गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, रंग जाणारे नकोत. शेवटच्या पाण्यात थोडं व्हाईट व्हिनेगर चालतं पण ब्लीचबरोबर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. वाळलेत असं वाटलं तरी घडी घालण्याआधी शिवण, काख, खिसा आणि कंबरपट्टा गालाला लावून बघा, गार लागला म्हणजे अजून ओल आहे. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा.

लाईट गेली तर काय, हा प्रश्न पाटण-मेढ्याकडचे लोक विचारणारच. कोयनेच्या १,९६० मेगावॅटच्या वीज प्रकल्पाचं धरण आपल्याच जिल्ह्यात आणि वादळात अंधारही आपल्याकडेच. अशा दिवशी फक्त आतले कपडे आणि युनिफॉर्म हाताने धुवा, पंच्याची गुंडाळी करा, आणि समोरासमोरच्या खिडक्यांच्या मधल्या वाऱ्यात टांगा.

युनिफॉर्म बहुतेक टेरिकॉटचा असतो, तो पाणी कमी धरतो, रात्री नऊला धुतला तरी पंख्यासमोर सकाळपर्यंत वाळतो. अडतात ते बूट आणि मोजे. बुटात रद्दीचे बोळे कोंबा, तासाभराने ते ओले झाले की काढून नवे भरा, मग तळ पंख्याकडे करून आडवे ठेवा. आणि मोज्यांच्या दोन जोड्या जूनमध्येच जास्तीच्या घेऊन ठेवा, सोमवारी सकाळी साडेसहाला मोजा शोधत कुणी इस्त्री तापवायला नको.